दीड बोटाचा नेम

आमच्या गावात मी सहा महिने साधुपुरुष होतो. हे वाक्य लिहिताना मलाच हसू येतं, पण पूर्ण हसता येत नाही. त्याचं कारण पुढं येईलच.

श्रावणातला तिसरा सोमवार होता. मठात महाप्रसाद. आमच्या घरी गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, त्यामुळं पंगतीत मला जागा पहिल्या रांगेत, मठाचा कारभार बघणाऱ्या आप्पांच्या शेजारी. पानात भाकरी आली, तर्रीची भाजी आली. मी भाकरीचा तुकडा मोडला, तोंडाशी नेला, आणि तो आत जाईना. दोन महिने असंच चाललं होतं. तोंड आधी तीन बोटं उघडायचं, मग दोन, आता दीड. त्यात तिखट लागलं की गालाला आतून निखारा लावल्यासारखी आग. घरी मी भाकरी दुधात कुस्करून, चिमटीनं आत ढकलून भागवत होतो. पण पंगतीत दोनशे माणसांसमोर चिमटीनं कोण खाणार?

"घ्या की अण्णा," आप्पा म्हणाले. "का बसलाव नुस्तं?"

आता 'तोंड उघडत नाही' म्हणालो की पुढचा प्रश्न 'का उघडत नाही', आणि त्याचं उत्तर माझ्या बनियनच्या खिशात होतं. पुडी. सुपारी-तंबाखूची. माझं किराणा दुकान. गावात दहा पुड्या विकायचो आणि पंधरा खायचो, असा माझा धंदा. तेव्हा मी पानावर हात आडवा धरला आणि म्हणालो, "आप्पा, नेम हाय."

"कशाचा?"

थापेला एकदा जन्म दिला की बारसंही आपणच करावं लागतं. मी म्हणालो, "दाताला अन्न लावायचं न्हाई. पातळच घ्यायचं. पिऊन."

आप्पांचा घास हातातच राहिला. "चावायचंच न्हाई?"

"न्हाई."

"बरुबर हाय," आप्पा म्हणाले. "चावणं म्हंजे एका परीनं हिंसाच की. आमाला हे सुचलं न्हाई बगा." आणि त्यांनी उष्ट्या हातानंच मला नमस्कार केला. त्यांच्या पलीकडच्यानं केला. मग रांगच्या रांग. वाढप्यानं माझ्या पुढ्यात खिरीची वाटी अशी ठेवली, जणू नैवेद्य. मी ती प्यालो. चांगली झाली होती.

खरं सांगतो, घरी जाताना मी खुशीत होतो. एका वाक्यात भानगड मिटली होती. शिवाय आजवर मला कुणी शहाणा म्हटलेलं नव्हतं, आणि इथं तर थेट सत्पुरुष! दुकानात येणारी माणसं 'शरणार्थ अण्णा' म्हणताना वाकायला लागली. आणि मी, मागं साखरेच्या पोत्याआड जाऊन, मान वर करून पुडी रिकामी करायचो. भाकरी जात नव्हती, पुडी जात होती. चावायचो नाही मात्र. नुसती गालात धरायचो. नेम म्हणजे नेम.

पहिले तीन दिवस बायकोनं मला आंबील दिली आणि स्वतः भाकरी खाल्ली. चौथ्या दिवशी चुलीवर तवाच दिसला नाही. दोन पेले आंबील.

"तुझी भाकरी?"

"मालकानं सोडलंय अन् मी समोर बसून चावू व्हय? लोक काय म्हणतील, अन् वरचा काय म्हणंल?"

"अगं, नेम माझा हाय."

"मग माझा बी हाय."

ही जागा होती. लेखी सांगतो, इथं मी तोंड उघडायला पाहिजे होतं. दीड बोट उघडत होतं, बोलायला तेवढं पुष्कळ. पण मी पेला उचलला आणि म्हणालो, "बघ बाई, तुझ्या मनानं." तिच्या माहेरी, चारठाण्याला, जुन्या देवळांच्या सावलीत वाढलेली ती. नेमधर्म तिला शिकवायची गरज नव्हती. मला होती.

कार्तिकात माझी दाढ ठणकायला लागली. सेलूला माल आणायच्या निमित्तानं गेलो आणि तिथल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत बसलो. लहानखुरी, हसतमुख मुलगी. आरसा घेऊन वाकली.

"काका, आ करा."

"केलाय."

"अजून."

"एवढाच हाय."

तिचं हसू गेलं. हातमोजा घातलेलं एक बोट माझ्या दातांत उभं घातलं, दुसरं घालून बघितलं, ते अर्ध्यात अडकलं. गाल आतून चाचपला. "पांढरा पडलाय, काका. दोरीसारखे पट्टे झालेत. सुपारी किती वर्षं?" मी बोटं दाखवली, ती तिला पुरेनात. मग तिनं नीट समजावलं. सुपारीनं तोंडाचं आतलं कातडं आवळत जातं, पुढं बंद होऊ शकतं, पुढं त्याच जागी याहून वाईटही होऊ शकतं. दाढ ती काढू शकत नव्हती, कारण चिमटाच आत जात नव्हता. "तुम्हाला तोंड-जबड्याचा सर्जन लागेल. हे माझ्या हातातलं नाही. उशीर नका करू, आणि पुडी आजच सोडा." चिठ्ठीवर तिनं त्या डॉक्टरांच्या शिक्षणाचं लांबलचक नाव लिहिलं, खाली फोन.

चिठ्ठी मी घरात कुठं ठेवावी? बायकोला वाचता येतं. शेवटी देवळीतल्या विभूतीच्या डबीत तळाला घातली, कारण त्या डबीला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. फार हुशारी वाटली मला स्वतःची. पंधरा दिवसांनी काढली तर पेनाची शाई विभूतीनं खाल्लेली. फोनचे मधले चार आकडे भस्म झालेले. सेलूला परत जाऊन विचारावं, तर त्या मुलीनं 'पुडी सोडली का' असं आधी विचारलं असतं. म्हणून मी परभणीला, माझ्या अकलेनं शोध घ्यायला गेलो.

औषधाच्या दुकानातला म्हणाला, तोंडाचं म्हणजे दातवाला. दातवाल्यानं बाहेरूनच बघून सांगितलं, दातांपुरतं मी बघतो, हे गालाचं आहे, घशावाल्याला दाखवा. कान-नाक-घसावाल्याकडं दोन तास बसलो. त्यानं उजेड मारला, काही दिसलं नाही, कारण उजेडसुद्धा आत जायला जागा लागते. म्हणाला, माझं काम घशापासून पुढं. दोन गावांच्या शिवेवर पडलेल्या बेवारशी जनावरासारखं माझं तोंड झालं होतं. हा पोलीस पाटील म्हणतो तुमच्या हद्दीत, तो म्हणतो तुमच्या. आणि मी कुणाला मोकळेपणानं विचारूही शकत नव्हतो. परभणीत आमच्या गावची चार माणसं भेटतातच, आणि साधुपुरुष दातांच्या पाट्या वाचत हिंडताना दिसला तर?

अखेर एका दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं. असा सर्जन संभाजीनगरहून येतो, एक शनिवार सोडून एक शनिवार, अमुक रुग्णालयात, अकरा ते दोन. मी तिथल्या वहीत नाव घातलं. पौषातला शनिवार मिळाला.

त्या शनिवारी साडेदहाला मी परभणीच्या स्टँडवर उतरलो. तिथून रुग्णालय पाच मिनिटांवर. आणि समोर जीप उभी, आमच्याच गावची, आत सात माणसं, पुढं आप्पा.

"अण्णा! शनवार बगून निघालाव. पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला व्हय?"

मी त्या क्षणी म्हणू शकलो असतो, 'न्हाई आप्पा, दाढ दुखायलीय.' एवढ्या साध्या वाक्यानं कुणाचं आभाळ फाटलं नसतं. पण साधुपुरुषाची दाढ दुखते? जो चावतच नाही त्याची? मी म्हणालो, "व्हय, पोखर्णीलाच."

"बसा की मग! ए, सरका रे. अण्णाला खिडकी द्या."

खिडकीतून मी ते रुग्णालय मागं जाताना बघितलं. पाटी चांगली मोठी होती.

पोखर्णीला देवळाबाहेरच्या दुकानात देवाच्या तसबिरी टांगलेल्या. खांबातून निघालेला नरसिंह, जबडा वासलेला. मी तिथंच उभा राहिलो. आयुष्यात त्या चित्राकडं मी भीतीनं बघितलं होतं. त्या दिवशी निव्वळ हेव्यानं बघितलं. चार बोटं सहज जातील, पाचवंही. आप्पा मागून म्हणाले, "बगा, कसे तल्लीन झालेत." आणि सगळे माझ्यासाठी थांबले. परत परभणीत आलो तेव्हा चार वाजले होते. सर्जन गेलेला.

त्याच जीपमध्ये, परत येताना, आप्पांनी दुसरा खिळा ठोकला. नेमाचं उद्यापन महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी करायचं. गावजेवण. आणि नेम सुटायचा तो अण्णांनी सगळ्यांसमोर पहिला घास चावून. "मग आमी जेवणार," आप्पा म्हणाले.

घरी आल्यावर दार लावून मी बोटं घालून बघितली. हा माझा रोजचाच खेळ होता. आधी मधली बोटं घालायचो. ती जाईनात तशी अनामिका आणि करंगळी घ्यायला लागलो, आणि 'अजून दोन जातात' म्हणून समाधान मानायचो. त्या दिवशी करंगळी एकटीच गेली.

मधला शनिवार सोडून पुढच्या शनिवारी निघालो, दाढ दाखवून येतो एवढंच घरी सांगितलं होतं, तर बायको साडी बदलून दारात उभी.

"मी बी येते. चक्कर यायलीय सारखी. परवा हौदापाशी पडले, तुमाला सांगितलं न्हाई. नेमात कशाला इघ्न."

मी तेव्हा तिच्याकडं नीट बघितलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. हाताची नुसती काडी झालेली. मी सुपारी गालात धरून मिरवत होतो, आणि ती आंबिलीवर घरचं पाणी भरत होती, धुणं धूत होती. तिला काय म्हणणार? म्हणालो, "चल."

सर्जन तिशी-पस्तिशीचा. शांत माणूस. माझ्या तोंडात छोटी पट्टी धरून बघितली, गाल चाचपला, कागदावर लिहिलं. मग विचारलं, "जेवायला त्रास कधीपासून होतोय?"

"झाले थोडे दिवस," मी म्हणालो.

"त्रास न्हाई डाक्टर," बायको मागच्या खुर्चीवरून म्हणाली. "नेम हाय त्यांचा. चावायचं न्हाई म्हणून. श्रावणापासून." आणि तिच्या आवाजात जी ऐट होती ती मी तीस वर्षांच्या संसारात कधी ऐकली नव्हती. माझ्याबद्दल तर नाहीच.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या जबड्याच्या चित्राकडं बघितलं.

"आणि काकू, तुम्ही काय खाता?"

"मी बी तेच. पातळ. मालकानं सोडल्यावर..."

"काकू, जरा आ करा."

तिनं केला. सगळे दात दिसले, पडजीभ दिसली. कसलं सुंदर तोंड. डॉक्टर म्हणाले, "तुमचं तोंड एकदम चांगलं आहे. तुम्ही आजपासून जेवा. रक्त तपासून घेऊ. यांचा हा नेम नाही, काकू. आजार आहे, सुपारीचा. हे एवढं आवळायला दोन-तीन वर्षं लागली असतील. श्रावणाच्या बरंच आधीपासून."

पुढं ते बरंच बोलले. मला ऐकू येत होतं. पट्टे कापावे लागतील, मागच्या दाढा काढाव्या लागतील. भूल द्यायला नळी तोंडातून जाणार नाही, नाकातून घालावी लागेल, त्यासाठी संभाजीनगरला यावं लागेल. गालाचा तुकडा तपासायला जाईल. आणि नंतर रोज व्यायाम, नाही तर पुन्हा आवळतं. "सहा-आठ महिने आधी आला असता तर इंजेक्शनांवर बघता आलं असतं कदाचित," असंही म्हणाले. सहा-आठ महिने. मी मनात उलटे मोजले, बरोबर श्रावणात पोचलो.

बाहेर पायरीवर ती थांबली. "पंगतीत त्या दिवशी घास आत जात न्हवता?"

"न्हाई."

"अन् पुडी?"

मी वाकून चपलेचा पट्टा नीट केला.

"पुडी जात हुती?"

मी मान डोलावली. ती पायऱ्या उतरून चालायला लागली. शिव्या घातल्या असत्या तर मी जन्मभर तिचे उपकार मानले असते.

स्टँडवर तिनं गाडीवाल्याकडून फुटाणे घेतले, कागदाच्या पुडीत, आणि बाकावर बसून खायला लागली. एकेक फुटाणा. इतक्या दिवसांत दातांना काम नव्हतं. पहिल्या दोन-तीन दाण्यांना तिनं डोळे मिटले, हिरडी दुखली असणार. मग कडाकडा. माझ्याकडं न बघता. मी शेजारी बसून तो आवाज ऐकत होतो. आणि अर्धी पुडी संपल्यावर, तीस वर्षांची सवय, तिचा हात आपोआप माझ्यापुढं आला. कागदात फुटाणे. मग तिच्या लक्षात आलं. पण हात तिनं मागं घेतला नाही, तसाच राहिला, अधांतरी.

मी एक उचलला. आत गेला तो. चावायला मात्र जबडा ऐकेना. मी तो गालात धरला, पुडीच्या जागी. सेलू आलं तरी मऊ झाला नव्हता.

दोन दिवसांनी आप्पा उद्यापनाच्या जेवणाचं बोलायला आले. पुरणपोळी का बुंदी? मी घसा खाकरला, पण बायकोनंच चहा पुढं ठेवत सांगितलं, "आप्पा, उद्यापन न्हाई. नेम बी न्हवता. सुपारीनं त्यांचं तोंड मिटलंय. आपरेशन हाय."

आप्पा कपात बघत राहिले. मला वाटलं आता नमस्कार परत मागतील. ते उठले, अंगणात गेले, फाटकापाशी पाठ करून उभे राहिले. त्यांचं कोपर वर गेलं. हात तोंडाशी होता. बराच वेळ.

"किती बोटं?" मी आतूनच विचारलं.

ते वळले नाहीत. "त्या डागदरची चिठ्ठी हाय का?" म्हणाले. मी या वेळी पेन्सिलीनं, ठळक, सगळे आकडे लिहून दिले.

ऑपरेशन झालं. तुकड्यात ते दुसरं काही निघालं नाही. निघालं नाही अजून, असं डॉक्टर म्हणतात, आणि दर तीन महिन्यांनी बोलावतात. पुडी सुटली. एवढी मोठी किंमत देऊन एवढी फालतू गोष्ट सुटली. टाके निघाले त्या दिवशी डॉक्टरांनी आईस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा गठ्ठा हातात दिला. वरच्या-खालच्या दातांत एकावर एक काड्या सरकवत जायच्या, जेवढ्या मावतील तेवढ्या, आणि धरून बसायचं. पहिल्या दिवशी एकवीस मावल्या. त्या आठवड्यात मी दुधात भिजवलेली भाकरी खाल्ली आणि तिनं ताट माझ्यासमोर ठेवून दुसरीकडं बघितलं.

पण दुखायचं फार. थंडीत तर डोळ्यांतून पाणी. आणि मी कोण, हे आता तुम्हाला माहीत आहे. एक दिवस टाळलं, मग चार. 'आज दुकानात गर्दी', 'आज सोमवार'. ती लग्नाला आठवडाभर माहेरी गेली, तेव्हा तर मी काड्यांना हातही लावला नाही, आणि फोनवर 'व्हय, करायलोय' म्हणालो. दुसऱ्यांदा कापून फार उपयोग नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय.

आता रोज सकाळी पूजा झाल्यावर तीच समोर बसते. कपाळाला विभूती, हातात काड्या. मी तोंड उघडतो, ती एकेक सरकवते, आणि मला बोलता येत नसल्यामुळं मोठ्यानं आकडा सांगते. गेल्या महिन्यापासून तो एकच आहे. "बारा," ती म्हणते. "कालच्याइतकंच हाय. उतरलं न्हाई." मग काड्या काढून ताटलीत ठेवते आणि चुलीकडं जाते. भाकरी थापायचा आवाज येतो. ती आता रोज जेवते, दीड भाकरी, कांदा फोडून, आणि माझी आंबील झाकून ठेवते.

काल ती 'बारा' म्हणून आत गेल्यावर मी ताटलीकडं बघितलं. तोंडातल्या काड्या ओल्या असतात, बाकीच्या कोरड्या. ओल्या मोजल्या. नऊ होत्या.

मी त्या पुसून कोरड्यांत मिसळून ठेवल्या.